टर्कीची पिल्लं आणि गावाकडचं बिऱ्हाड

टर्कीचं पिल्लू हलवायचं तर दोनच वेळा. अंड्यातून निघाल्यावर पहिल्या दीड दिवसात, नाहीतर आठ आठवडे पुरे होऊन अंगावर पक्की पिसं आल्यावर. मधल्या काळात त्याची जागा बदलू नये. शहरातलं बिऱ्हाड गुंडाळून गावाकडे दोन-चार एकरांवर राहायला जाणारे बरेच जण मला टर्कीबद्दल विचारतात, आणि प्रत्येकाला मी आधी हेच सांगते. घर हलवायची तारीख आणि पिल्लं आणायची तारीख नीट जुळवली, की पुढचं निम्मं काम सोपं होतं.

कारण असं आहे. बाहेर येण्याआधी अंड्यात उरलेला बलक पिल्लू पोटात ओढून घेतं. त्या शिदोरीवर ते दोनेक दिवस तग धरतं, म्हणूनच एक दिवसाची पिल्लं खोक्यात घालून लांब पाठवता येतात. तरी जितक्या लवकर पाणी मिळेल तितकं चांगलं. शिदोरी संपली की त्याला खायला-प्यायला शिकावं लागतं, आणि टर्कीचं पिल्लू कोंबडीच्या पिल्लाइतक्या चटकन शिकत नाही. शिवाय या दिवसांत त्याला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. अशात टेम्पोचे हादरे, वारा, अनोळखी जागा, अनोळखी भांडी असं सगळं एकदम आलं की पिल्लं खाणं टाकतात, आणि खाणं टाकलेलं पिल्लू परत उभं करणं फार अवघड.

आम्ही पुण्याहून सासवडच्या पुढे, पुरंदर तालुक्यात आलो. इथे पाऊस बेताचा, जमीन मुरमाड, पाणी साचत नाही. अंजीर-सीताफळाचा हा भाग टर्कीलाही मानवतो, कारण या पक्ष्याला कोरडेपणा लागतो. तुम्ही वेल्ह्याच्या किंवा कोकणाच्या बाजूला जाणार असाल तर शेड आमच्याहून उंच जोत्यावर बांधा आणि पावसाळी झड आत येणार नाही इतकं छप्पर पुढे काढा.

महिना कोणता, तर माझं मत फेब्रुवारीअखेर ते मार्च. तेव्हा आलेली पिल्लं जूनमध्ये तीन महिन्यांची होतात आणि पहिला पाऊस त्यांना झेपतो. जून-जुलैत लहान पिल्लं आणली तर खाली अंथरलेलं भाताचं तूस ओलं राहतं, त्यावर बुरशी येते, ती श्वासावाटे फुप्फुसात जाते, आणि त्याच ओलीत रक्ती हगवणही वाढते. ऑक्टोबर हा दुसरा पर्याय, पण मग डिसेंबरच्या रात्री आमच्याकडे चांगलाच गारठा असतो आणि उबेचा खर्च वाढतो. तारीख नक्की करण्यापूर्वी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एक चौकशी करा. २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू निघाला, तो देशातला पहिला. तेव्हापासून कुठेही साथ आली की त्या भागातली पक्ष्यांची ने-आण थांबवतात. टेम्पो ठरवून झाल्यावर हे कळलं तर पंचाईत होते.

जमिनीचा इतिहास विचारा

सातबारा तर सगळेच पाहतात. टर्की पाळणाऱ्यानं आणखी एक गोष्ट विचारायची: या जागेवर कोंबड्या होत्या का, कुठे बसायच्या, त्यांचं खुराडं कुठे होतं, उकिरडा कुठे होता. हे तुम्हाला शेजारच्या आक्का-मावश्याच सांगू शकतील, विकणारा सांगेलच असं नाही.

टर्कीला ब्लॅकहेड नावाचा रोग होतो. त्याचा जंतू कोंबडीच्या आतड्यात राहणाऱ्या एका बारीक जंताच्या अंड्यात दडून असतो. कोंबडीला त्याचा फारसा त्रास होत नाही, ती ठणठणीत दिसते आणि तिच्या विष्ठेतून जंताची अंडी मातीत पडत राहतात. ती अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. गांडुळं ती माती खातात, टर्कीचं पिल्लू गांडूळ खातं, आणि काही दिवसांत पिल्लू पंख पाडून एका कोपऱ्यात उभं राहतं. विष्ठा गंधकासारखी पिवळी होते. लहान वयात हा रोग कळपात शिरला तर मरतूक खूप मोठी असते. नाव ब्लॅकहेड असलं तरी डोकं काळं पडतंच असं नाही, त्यामुळे डोक्याकडे बघत बसू नका, विष्ठेकडे बघा.

म्हणून गावरान कोंबड्या आणि टर्की एकत्र नकोत. गावात सगळे सांगतील की खुडूक कोंबडीखाली टर्कीची अंडी घाला, ती छान उबवते. उबवते हे खरं. अठ्ठावीस दिवस बसायची तिची तयारीही असते, पण पिल्लं तिच्याबरोबर माती उकरत फिरली की धोका तिथेच आहे. काही जण खायला शिकवण्यासाठी टर्कीच्या पिल्लांत कोंबडीची एक-दोन पिल्लं सोडतात. मी ते करत नाही आणि तुम्हालाही करू देणार नाही.

जुन्या खुराड्याची जागा टर्कीसाठी घेऊ नका, भले तिथे पत्रा आणि जोतं तयार असेल. शेड कोंबड्यांच्या वावरापासून लांब, चढाच्या बाजूला घ्या, म्हणजे त्यांच्या उकिरड्यावरून आलेलं पावसाचं पाणी तुमच्याकडे येणार नाही. शेडच्या दाराशी एक वेगळी चप्पल ठेवा आणि आत जाताना तीच घाला. शेजारच्या कोंबड्या येतच असतील तर कुंपणाला खालून दोन-अडीच फूट बारीक जाळी लावावी लागेल. शेजाऱ्यांना त्यामागचं कारण नीट समजावून सांगा. नवीन आलेल्या माणसानं कोंबड्यांना हाकललं एवढंच त्यांना दिसलं तर मनं दुखावतात.

वीज कोणत्या फीडरवर आहे

गावठाणातलं घर आणि मळ्यातलं घर यांत इथे मोठा फरक पडतो. मळ्यातली वीज शेतीपंपाच्या फीडरवर, म्हणजे वेगळ्या वीजवाहिनीवर असेल तर ती पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. पहिल्या तीन आठवड्यांच्या पिल्लांना रात्री दोन तास ऊब मिळाली नाही तर ती एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. त्यामुळे राहायला जायच्या आधी एक पूर्ण दिवस-रात्र शेडमध्ये बल्ब लावून, पिल्लाच्या उंचीवर तापमापी टांगून नोंद घ्या. वीज कधी गेली, पारा किती उतरला, वारा कुठून आला, हे सगळं पिल्लं येण्याआधी कळायला हवं.

बल्ब जुन्या पद्धतीचे, तारेचे, पिवळ्या उजेडाचे घ्यायचे. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. कोणत्याही ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना उबेत ठेवायच्या कड्यात, एकाऐवजी दोन बल्ब टांगा, म्हणजे रात्री एक उडाला तरी दुसरा असतो. बल्ब वायरवर लोंबकळत ठेवू नका, साखळीनं किंवा जाड तारेनं बांधा. खाली तूस असतं आणि पडलेल्या गरम बल्बानं ते पेट घेतं. वीज जाईल तेव्हासाठी इन्व्हर्टर सर्वांत चांगला. नसेल तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवता येतात. कोळशाची शेगडी गावात सर्रास वापरतात, पण बंद खोलीत नको. वरून हवा जायला जागा असेल आणि शेगडीभोवती पत्र्याचं कडं असेल तरच ठेवा.

ब्रूडर

दीड फूट उंचीचा पत्रा किंवा जाड पुठ्ठा गोल वळवून कडं करायचं. गोलच, कारण चौकोनात कोपरे येतात आणि घाबरलेली पिल्लं कोपऱ्यात दाटी करून चेंगरतात. खाली दोन इंच भाताचं तूस. पहिले दोन-तीन दिवस तुसावर गोणपाट अंथरा, नाहीतर पिल्लं तूसच खात बसतात. वर्तमानपत्र अंथरू नका. त्यावर पाय घसरतात, ते दोन्हीकडे फाकतात आणि पिल्लू जन्मभरासाठी अधू होऊ शकतं. पहिल्या चार आठवड्यांत प्रत्येक पिल्लाला सव्वा चौरस फूट जागा धरा, पुढे अडीच.

पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. आकडा हा झाला, पण खरं तापमान पिल्लंच सांगतात. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर थंडी वाजते आहे. कडेला पसरून, चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला असतील तर दुसऱ्या बाजूनं वारा येतोय. विखुरलेली, खाणारी, काही आडवी पसरून झोपलेली दिसली की तुम्हीही झोपायला हरकत नाही. मार्चमध्ये आमच्याकडे दुपारी पत्र्याखाली इतकं तापतं की बल्ब बंदच करावा लागतो, आणि पहाटे तीनला पुन्हा लावावा लागतो.

खायला शिकवणं

टर्कीची पिल्लं खाद्य समोर असताना उपाशी मरू शकतात. त्यांना खाद्य दिसत नाही असं नव्हे, ते खायचं आहे हे उमगत नाही. रानात आई टोच मारून दाखवते, इथे आई तुम्ही आहात.

खोक्यातून काढताना प्रत्येक पिल्लाची चोच कोमट पाण्यात हलकेच बुडवायची. पिल्लू मान वर करून घोट गिळतं, तेवढं पाहूनच त्याला खाली सोडायचं. पहिल्या पाण्यात थोडा गूळ विरघळवलेला असावा. पाण्याचं भांडं उथळ, आणि त्यात रंगीत गोट्या टाकायच्या. एक तर चमकत्या गोट्यांवर टोच मारता मारता त्यांना पाणी सापडतं, आणि दुसरं, पिल्लू आत पडलं तरी बुडत नाही. खाद्यावरही तशाच दोन-चार गोट्या ठेवा. पहिले दोन दिवस खाद्यासाठी अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे वापरा. त्यावर बोटानं टकटक केलं की पिल्लं धावत येतात, कारण तो आवाज त्यांना चोचीचा वाटतो.

यानंतर अंडं. दहा पिल्लांमागे रोज एक उकडलेलं अंडं, अगदी बारीक कुस्करून, आणि एक लिटर पाण्यात शंभर मिलिलिटर दूध. हे पहिले पंधरा दिवस. दुधाचं पाणी उन्हाळ्यात लवकर नासतं, त्यामुळे थोडं थोडं करा, तीन-चार तासांनी ओतून द्या आणि भांडं घासूनच परत भरा. हिरवा रंग या पिल्लांना फार ओढतो. शेवग्याची पानं, कोथिंबीर किंवा लसूणघास कात्रीनं बारीक कापून खाद्यावर भुरभुरवा. पाला सुरू केला की वाटीभर धुतलेली बारीक वाळूही ठेवा, पोटात खाणं दळायला त्यांना ती लागते.

प्रत्येक पिल्लू खातंय का, हे तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हातात घेऊन पाहायचं. गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपा. ती भरलेली, मऊसर लागली पाहिजे. रिकामी लागली ती पिल्लं वेगळ्या छोट्या कड्यात घ्या, त्यांच्यात एक चांगलं खाणारं पिल्लू सोडा आणि अंड्याचा बलक बोटावर घेऊन चोचीला लावा. तो आठवडाभर घरातल्या एकाच माणसानं हे काम करावं. सामान लावणं, सुतार, नळवाला, गॅसची जोडणी हे सगळं बाकीच्यांकडे.

खाद्यात दोन गोष्टी नीट पाहायच्या. पहिली प्रथिनं. टर्कीच्या पिल्लाला पहिले काही आठवडे २८ टक्के प्रथिनं लागतात. आपल्या बाजारात टर्कीचं खास खाद्य सहज मिळत नाही, आणि ब्रॉयलरच्या प्री-स्टार्टरमध्ये, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या पिल्लांना अगदी सुरुवातीला देतात त्या खाद्यात, ती २२-२३ टक्के असतात. तीन किलो प्री-स्टार्टरमध्ये एक किलो सोयाबीन पेंड बारीक करून मिसळली की हिशेब २८च्या आसपास येतो. पेंड कारखान्यातली, प्रक्रिया केलेलीच हवी. घरचं कच्चं सोयाबीन दळून घालू नका, ते पिल्लांना पचत नाही. खाद्यात भर घातल्यानं जीवनसत्त्वं आणि क्षार पातळ होतात, म्हणून मिनरल मिक्श्चर आणि पाण्यातून बी-कॉम्प्लेक्स द्यायचं. टर्कीला नायसिन हे बी गटातलं जीवनसत्त्व कोंबडीपेक्षा जास्त लागतं. ते कमी पडलं की घोटे सुजतात आणि पाय वाकतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ब्रॉयलरच्या खाद्यात रक्ती हगवण होऊ नये म्हणून औषध मिसळलेलं असतं. त्यातलं सॅलिनोमायसिन कोंबडीला चालतं, टर्कीला विषारी आहे. पोत्यावरचं लेबल वाचा. लेबलवर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर दुकानदाराला कंपनीकडून विचारून सांगायला लावा, आणि खात्री होईपर्यंत ते पोतं उघडू नका. पिल्लं अचानक पायांवरून गेली, छातीवर पडून राहिली तर खाद्य ताबडतोब बंद करून डॉक्टरांना पोत्याचं लेबलच दाखवायला न्या.

लसी

पहिल्या दिवशी मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस, चौथ्या-पाचव्या आठवड्यात देवीची, सहाव्या आठवड्यात पुन्हा मानमोडीची, आर-टू-बी म्हणतात ती. पिल्लं घेताना पहिली दिली आहे का ते विचारा. लसीची कुपी खूप मात्रांची असते आणि एकदा कालवली की थोड्या तासांतच संपवावी लागते, तेव्हा वस्तीवरच्या कोंबड्यांनाही त्याच दिवशी टोचून घ्या. दवाखान्यातून आणताना थर्मासमध्ये बर्फ हवाच.

प्रत्यक्ष हलवताना

एक दिवसाची पिल्लं असतील तर पहाटे निघा. खोक्याला चारी बाजूंनी भोकं, खाली खरखरीत कापड, आणि गाडीचा एसी बंद. खोकं डिकीत ठेवू नका, पायाशी किंवा सीटवर ठेवा, आणि मधूनमधून हात घालून पाहा. घरचं सामान आदल्या आठवड्यात पोचलेलं असावं आणि ब्रूडर पिल्लं यायच्या आधी निदान काही तास तापलेला असावा.

आठ आठवड्यांची हलवणार असाल, म्हणजे शहराजवळच वाढवून मग न्यायची, तर रात्री हलवा. अंधारात ती शांत असतात. निघण्याआधी तीन-चार तास खाद्य काढा, पाणी शेवटपर्यंत ठेवा. धरताना एका पायाला धरून लटकवू नका. दोन्ही हातांनी पंख अंगाशी दाबून उचला. सहाव्या आठवड्याची लस होऊन दोन आठवडे गेलेले असतात, त्यामुळे लसीचा आणि प्रवासाचा ताण एकत्र येत नाही. नव्या शेडमध्ये जुनीच भांडी घेऊन जा, रंगही तोच. जुन्या तुसाचं कोरडं, स्वच्छ असेल असं एक पोतं नेऊन नव्या तुसावर पसरा, आणि खाद्य पहिला आठवडा अजिबात बदलू नका. टर्कीला नव्या भांड्याचीही भीती वाटते, ती दिवसभर लांबून बघत राहते.

या वयाच्या सुमाराला डोकं आणि मान यांवरची कातडी लालसर व्हायला लागते, नराच्या चोचीवरचा मांसल शेंडा लोंबू लागतो. १६१२ साली मुकर्रबखान या सरदारानं गोव्याहून जहांगीरसाठी जे पशुपक्षी नेले त्यात एक टर्कीचा नर होता. बादशहाला त्या डोक्या-मानेचे पालटणारे रंग इतके नवलाचे वाटले की त्यानं ते लिहून ठेवले, आणि दरबारातला चित्रकार मन्सूर यानं काढलेलं टर्कीचं चित्र आजही लंडनच्या संग्रहालयात आहे. रोजच्या रोज पाहणाऱ्याला या रंगांचा खरा उपयोग होतो. फिकं, उतरलेलं डोकं आणि एकट्यानं उभं राहणं हे एकत्र दिसलं, की तो पक्षी त्याच दिवशी बाजूला काढायचा.

मोकळं सोडणं

नव्या जागी निदान दहा-पंधरा दिवस शेडमध्येच ठेवा, मग दुपार उलटल्यावर तासभर बाहेर. दव वाळायच्या आधी सोडू नका. बाहेरचं खाणं, म्हणजे गवत, नाकतोडे, किडे, त्यांना फार आवडतं, पण जंतनाशकाचा डोस डॉक्टरांना विचारून ठरावीक दिवसांनी देत राहावा लागतो. फिरायची जागा दोन-तीन भागांत वाटून आलटूनपालटून वापरलीत तर माती दूषित व्हायला वेळ लागतो.

मुंगूस, रानमांजर, भटकी कुत्री आणि घुशी, शत्रू हे आहेत. षट्कोनी जाळी कुत्रा फाडतो आणि मुंगूस तिच्यातून शिरतो. खालचे तीन फूट अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा आणि ती फूटभर जमिनीत गाडा. संध्याकाळचं खाद्य नेहमी शेडमध्येच, तेही अंधार पडायच्या आत. भांड्याचा आवाज आला की कळप आपणहून आत येतो, मोजायचे आणि दार लावायचं. आत दीड-दोन फुटांवर जाड गोल लाकूड आडवं बांधलं की रात्री त्यावर बसायची सवय लागते. जो पक्षी तरी झाडावर चढून बसतो, त्याच्या एकाच बाजूच्या पंखाची लांब पिसं कातरा. दुसरी बाजू तशीच ठेवायची, म्हणजे तोल जातो आणि उंच उडता येत नाही. पिसं गळून नवी आली की पुन्हा कातरावी लागतात.